अडीच खाचांची गिटार

गणिताच्या बाईंचा शाळेत दरारा असा, की त्या नुसत्या जिन्यात आल्या तरी वर्ग चिडीचूप व्हायचा. धडा कुठलाही असो, टक्केवारी, व्याज, त्रिकोण, पोरांनी ‘हे कशाला शिकायचं?’ म्हणायचा अवकाश, बाईंचं उत्तर तयार. फक्त नववीतला एक धडा आला की बाई अडायच्या. परिमेय घातांक. दोनाचा तिसरा घात म्हणजे दोन तीनदा घेऊन गुणायचे, हे पोरांना पटायचं. पण दोनाचा घात एक छेद बारा? म्हणजे अशी संख्या, जिने स्वतःला बारा वेळा घेऊन गुणलं की दोन येतात. बरं मग? अशी संख्या हवीय कुणाला? मागच्या बाकावरून दरवर्षी कुणीतरी विचारणारच, “बाई, हे लागतं कुठे?”

“परीक्षेत,” बाई म्हणायच्या. वर्ग हसायचा, बाईही हसायच्या, आणि घरी येताना रस्ताभर चरफडायच्या. निवृत्त झाल्या तरी तो प्रश्न काही निवृत्त झाला नाही.

आता गंमत बघा. बाईंचं घर वरच्या मजल्यावर आणि खाली नवऱ्याचा कारखाना. कारखाना म्हणजे एक लांबुळकी खोली, दोन खिडक्या, सरसाचा वास आणि घोट्यापर्यंत भुसा. नवरा गिटारी बनवायचा. गल्लीत त्यांना सगळे ‘कारागीर’ म्हणायचे, आणि माणूस होताच तसा, हातात जादू आणि नाकावर राग. लग्न नवं नवं होतं तेव्हा बाईंनी एका गिऱ्हाइकासमोर त्यांचा भागाकार दुरुस्त केला होता. झालं! त्या दिवसापासून घराचा कायदा ठरला, वर शाळा, खाली लाकूड. बाईंनी खाली जेवायला हाक मारायला यावं, पण काही सुचवायला तोंड उघडलं रे उघडलं, की कारागीर रंधा खाली ठेवून म्हणायचे, “घरात शाळा नको!”

बाईंनीही मग हट्टाने खाली पाऊल टाकलं नाही. मला काय पडलंय, म्हणायच्या.

पण पडलं, ते लेकीमुळे.

लेक एकुलती एक. उंचीने इतकी बेताची, की तिचं ‘पिटू’ हे लाडाचं नाव लग्नाच्या वयालाही तिला शोभून दिसायचं. गिटार मात्र अशी वाजवायची की ऐकणाऱ्याने हातातलं काम खाली ठेवावं. ती दुसऱ्या गावी राहून शिकत होती, आणि आता तिथल्या मोठ्या सभागृहात तिचा एकटीचा पहिला कार्यक्रम ठरला होता. अशात एका रविवारी ती घरी आली ती डावं मनगट उजव्या हातात धरून.

“डॉक्टर म्हणाले, हा पंजा आणि ही गिटार, दोघांचं जमायचं नाही,” ती जिन्यातच म्हणाली. “एक तर लहान गिटार घे, नाहीतर वाजवणं सोड.”

“सोड म्हणे!” बाई कडाडल्या. “सोडायला काय ते ओझं आहे?”

“मग लहान आण ना, आई. बाजारात मिळतात त्या पोरांच्या. डबा वाजवल्यासारखं वाजतं.” आणि एवढी धीराची पोर, पण तिचा आवाज चिरकला. “मला माझ्या मापाची हवी. आणि सुरात हवी.”

कारागीर कारखान्याच्या दारात उभे होते. त्यांनी कोपऱ्यात झाडूशेजारी उभ्या असलेल्या एका तुटक्या दांडीकडे पाहिलं आणि मान फिरवली. त्या दांडीची गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक होती. पिटू शाळेत असताना त्यांनी तिच्यासाठी हौसेने लहान गिटार केली होती. दिसायला देखणी, पण वाजायला अशी बेसूर की स्नेहसंमेलनात पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांनी कान झाकले. पोर रडत घरी आली, आणि कारागिरांनी गिटारीचे दोन तुकडे केले. पुन्हा लहान गिटार करीन तर नाव बदलीन, म्हणाले होते.

आणि आता तीच करायची होती. त्यातही मेख अशी, की दांडीवर बसवायला त्यांच्याकडे जुन्या काळ्या लाकडाची एकच फळी उरली होती. गुरूंनी दिलेली, लोखंडासारखी कडक, आता कुठे शोधूनही न मिळणारी. त्यावर पडद्यांसाठी, म्हणजे तार दाबायच्या त्या धातूच्या आडव्या पट्ट्यांसाठी, करवतीने खाचा पाडायच्या. खाच एकदा चुकली की फळी चुलीत.

पिटू दुपारी झोपली तशा बाई खाली उतरल्या. भुसा तुडवत थेट नवऱ्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

“मला सांगा, ती पहिली लहान गिटार बेसूर का झाली?”

“घरात शाळा—”

“ठेवा ती तुमची शाळा बाजूला! लेकीच्या हाताचा प्रश्न आहे. सांगा.”

आवाज असा लागला होता की कारागिरांनी रंधा मुकाट्याने ठेवला. भिंतीवरच्या खिळ्यावरून त्यांनी एक पितळी पट्टी काढली. गुरूंनी स्वतः घडवलेली, हाताळून हाताळून सोन्यासारखी झालेली, कडेने खाचा पाडलेली. कारागीर जन्मभर एवढ्या एका लांबीच्याच गिटारी करत आले होते. पट्टी फळीवर ठेवायची, खाचेखाचेला सुरीने खूण करायची, की झालं. खाचा का तिथेच, हे गुरूंनी सांगितलं नव्हतं आणि यांनी विचारलं नव्हतं.

“लहान करायची म्हणून मी काय केलं, दोन खाचांमधलं प्रत्येक घर सारखं सारखं कापलं,” कारागीर म्हणाले. “सगळ्यांकडून तेवढंच. कुणावर अन्याय नाही.”

बाईंनी कपाळावर हात मारला. “अहो, हाच तर अन्याय! ज्याच्या ताटात दहा घास त्याचाही एक काढला, आणि ज्याच्या ताटात दोन त्याचाही एकच! नववीतली निम्मी पोरं हेच करतात. भागायचं तिथे वजा करतात.”

“म्हणजे मी नववी नापास?”

“वर्गात असतात तर अंगठे धरून उभे केले असते.”

कारागीर चक्क हसले. पण ते हसू टिकलं नाही, कारण बाईंनी पोलादी मोजपट्टी उचलून एक तयार गिटार मोजायला घेतली. वरच्या हाडाच्या पट्टीपासून खाली तार टेकते त्या घोडीपर्यंत मोजलं, मग बाराव्या पडद्यापर्यंत मोजली, आणि त्यांच्यातली शाळेतली बाई जागी झाली.

“हा बारावा पडदा बरोबर मधोमध हवा ना? तिथे सूर दुपटीने चढतो म्हणता. मग हा मधोमध नाही. जेमतेम मिलिमीटर, पण चुकलाय. तुमची पट्टीच चुकलीय.”

बोलायला नको ते बोलून गेल्या. कारागिरांचा पारा असा चढला की खिडकीवरचं मांजर उठून गेलं. “गुरूंची पट्टी चुकली? या पट्टीवर माझं घर उभं राहिलं, पोर वाढली! तू खडू घेऊन उभी राहिलीस म्हणून पितळ चुकीचं ठरतं होय?” आणि ते ताडकन निघून गेले. संध्याकाळी जेवताना ताट उचलून खिडकीशी जाऊन बसले. पिटू बिचारी दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत होती.

बाईंना मात्र झोप लागेना. सकाळी नवरा फिरायला गेलेला पाहून त्या पुन्हा खाली गेल्या. या वेळी गिटार नाही, नुसती पट्टी मोजली. पट्टीच्या शेवटापासून प्रत्येक खाच किती लांब आहे, ते एकाखाली एक लिहिलं. सहाशे पन्नास मिलिमीटर पूर्ण तार. पहिल्या खाचेपाशी उरली सहाशे साडेतेरा. दुसऱ्यापाशी पाचशे एकोणऐंशी. बाराव्यापाशी, अहो काय सांगावं, तीनशे पंचवीस! बरोबर निम्मी. पट्टी नव्हती चुकलेली, केसभरही नाही. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग सवयीने त्यांनी प्रत्येक आकड्याला आधीच्या आकड्याने भागलं. पहिलं उत्तर नऊशे चव्वेचाळीस सहस्रांश. दुसरं तेच. तिसरं तेच. सातवं तेच, अकरावं तेच! घरं लहान लहान होत जातात, पण दर वेळी उरलेल्या तारेचा तोच वाटा उरतो. बारा वेळा तोच वाटा घ्यायचा आणि बाराव्या वेळी तार निम्मी. स्वतःला बारा वेळा घेऊन गुणलं की अर्धा येणारी संख्या. अर्ध्याचा घात एक छेद बारा.

बाई मटकन भुशात बसल्या आणि एवढ्या जोरात ओरडल्या की पिटू वरून धावत आली आणि नुकतेच दारात पोहोचलेले कारागीर “बोट कापलं की काय!” म्हणत आत घुसले.

“सापडलं!” बाई पट्टी छातीशी धरून म्हणाल्या. डोळ्यांत पाणी आणि तोंडभर हसू. “कुठे लागतं म्हणून पोरं विचारत होती ना, इथे लागतं! माझ्याच घरात, जिन्याखाली, खिळ्याला टांगलेलं होतं, आणि मी परीक्षेत म्हणत बसले! अहो, तुमचे गुरू काय माणूस होते हो! पट्टी बरोबर आहे. मी चुकले.”

कारागीर आयुष्यात पहिल्यांदा ‘मी चुकले’ ऐकत होते. त्यांनी हात देऊन तिला उठवलं आणि पदराचा भुसा झटकला.

“तुझं मोजमापही चुकलं नव्हतं,” ते खाकरून म्हणाले. “तार पडद्यावर दाबली की ताणली जाते, सूर जरासा वर सरकतो. म्हणून घोडी मी पट्टीच्या शेवटापेक्षा किंचित मागे बसवतो. कानाने. तू तेवढी वाढीव तार धरून मोजलंस.”

“हे माझ्या पुस्तकात नव्हतं,” बाई म्हणाल्या.

“माझ्या पट्टीतही नाही,” कारागीर म्हणाले.

आता प्रश्न उरला, लहान म्हणजे किती लहान? कारागिरांनी मोठ्या गिटारीवर दुसऱ्या पडद्याला चाप लावला. चाप लावला की तार तिथून सुरू होते, गिटार तेवढी आखूड. पिटूने वाजवून पाहिलं. चार बोटं फाकवून धरायची एक जागा होती, तिथे तिच्या कपाळावर आठी आली. तिसऱ्या पडद्याला चाप लावला, तर हात मोकळा, पण घोडीकडच्या अरुंद घरांत बोटं एकमेकांच्या पायावर पाय देऊ लागली.

“मधलं हवं,” पिटू म्हणाली. “दोन आणि तीनच्या मधलं.”

“मध्ये काही नसतं,” कारागीर म्हणाले. “दुसरा पडदा, मग तिसरा. मध्ये सूरच नाही.”

“सूर नसेल, तार आहे ना?” बाईंनी पदर खोचला. “पोरी, हात पुढे कर. जिथे दुखतं तिथे तुझी बोटं किती फाकतात, आणि न दुखता किती फाकतात, ते बघू.”

मोठ्या गिटारीवर तो ताण साडेबारा सेंटिमीटरच्या वर जात होता. पिटूचा हात सुखाने फाकत होता अकराच्या जरासा आत. चाप कितव्या पडद्यावर हवा तो क्ष धरून बाईंनी फळकुटावर समीकरण मांडलं. कारागीर चष्मा लावून खांद्यावरून बघत होते.

“यातला क्ष कुठाय?” त्यांनी विचारलं.

“वर. अर्ध्याच्या डोक्यावर बसलाय, बाराच्या मांडीवर.”

“खाली उतरेल का?”

“उतरवते ना. आयुष्य गेलं त्यात.”

क्ष उतरला तो अडीचवर. वर काही किरकोळ उरलं, ते बाईंनी सोडून दिलं. म्हणजे सहाशे पन्नासची तार अर्ध्याच्या अडीच छेद बारा घाताने आखूड करायची. पाचशे साडेबासष्टच्या आसपास. आणि मग प्रत्येक खाच त्याच एका वाट्याने आत घ्यायची, मोठ्या घरातून जास्त, लहान घरातून कमी.

“अडीच खाचांची गिटार,” कारागीर पुटपुटले. “गुरू असते तर हसले असते.”

“की खूश झाले असते?”

ते गालातल्या गालात हसले. पण कागदावरच्या मापाने ते फळीला हात लावायला तयार होईनात. माझ्या कारखान्यात कागदाची पट्टी चालत नाही, म्हणाले. मग पितळेची नवी पट्टी घेतली. बाई आकडे सांगत गेल्या, कारागीर टोकदार सुईने रेघ मारत गेले. बाई आकडा सांगून “लिहिलंत?” म्हणायच्या आणि ते “लिहिलं, बाई,” म्हणायचे, वर्गातल्यासारखंच. पिटू तोंडावर हात दाबून हसत होती.

पट्टी झाली तरी त्यांचं समाधान होईना. एका साध्या फळीवर त्यांनी नव्या लांबीची एकच तार ताणली आणि पट्टीवरच्या एकेका रेघेशी हाडाचा तुकडा सरकवत तार छेडली. डोळे मिटलेले. बाईंना आठवलं, पहिल्या वर्षी शाळा तपासायला साहेब आले होते तेव्हाही त्या अशाच पदराचं टोक पिळत उभ्या होत्या. एक सूर, दुसरा, पाचवा, सातवा. कारागिरांच्या चेहऱ्यावरची रेघ हलेना. बाराव्याला त्यांनी तार पुन्हा पुन्हा छेडली.

“बोला ना हो!” बाईंना राहवेना.

ते उठले, कपाटातून गुरूंची काळी फळी काढली, फुंकर मारून टेबलावर ठेवली आणि करवत हातात घेतली. “धर ती पट्टी,” एवढंच म्हणाले. “हलवू नकोस.”

बाईंनी पट्टी धरली. पहिली खाच पडली तेव्हा त्यांनी डोळे मिटले होते, हे त्यांनी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी सभागृह गच्च भरलं होतं. पिटू मंचावर आली ती एवढीशी, पण मांडीवरची गिटार तिच्याच मापाची, तिच्याच अंगाची वाटत होती. कारागीर डोळे मिटून कान देऊन बसले. बाई मात्र ऐकतच नव्हत्या. त्या फक्त लेकीचा डावा हात बघत होत्या. ती अवघड जागा कुठे येते हे त्यांना पाठ होतं. ती जागा जवळ आली, बाईंनी नवऱ्याचं मनगट घट्ट पकडलं. पिटूची चार बोटं फाकली, सहज, गादीवर हात टाकावा तशी, आणि कपाळावर एक आठी नाही. उलट पोर हसली! सूर असा स्वच्छ पडला की पुढच्या रांगेतली एक म्हातारी “अहाहा!” म्हणून गेली. बाईंना वाटलं उठून सांगावं, माझी आहे ती. पोरगीही माझी आणि गिटारीची लांबीही माझी. अंगावर मूठभर मांस चढणं म्हणजे काय ते त्यांना त्या खुर्चीत कळलं.

नंतर मागच्या खोलीत गर्दी झाली. पिटूचे शिक्षक, मोठे नावाजलेले वादक, गिटार उलटीसुलटी करून बघत होते. “ही लांबी मी कुठेच पाहिली नाही,” ते कारागिरांना म्हणाले. “आणि इतकी सुरात! कशी काढलीत हो?”

कारागिरांची छाती फुगली. जन्मभर ज्या कौतुकाची वाट पाहिली ते चालत समोर आलं होतं. पण त्यांनी मागे भिंतीशी उभ्या असलेल्या बायकोला हाताला धरून पुढे आणलं.

“ते आमच्या बाईंना विचारा,” सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं ते म्हणाले. “लाकूड मी कापलं. कुठे कापायचं ते यांना ठाऊक होतं.”

प्रश्न विचारला गेला होता, आणि उत्तर टाळणं त्यांच्या रक्तात नव्हतं. बाईंनी पिशवीतून नवी पितळी पट्टी काढली. “असं बघा,” त्यांनी सुरुवात केली, “तार निम्मी व्हायला बारा पावलं लागतात, आणि प्रत्येक पाऊल...”

“आई!” पिटू कळवळली. “अगं, सगळे बघतायत. इथे शाळा नको ना!”

“गप गं,” कारागीर लेकीवर डाफरले आणि स्वतः एक खुर्ची ओढून बाईंच्या अगदी समोर बसले. “शाळा चालू आहे. ऐकू दे मला.”